एका बोटावर फिरणारं चाक

"चाक एका बोटावर फिरायला हवं," बेइशेन म्हणाला. "माझ्या नाही, हिच्या. माझ्यात आता हिच्याएवढीसुद्धा ताकद उरली नाही."

ट्रॅक्टरखाली आडवा झालेला ओर्मोन मिस्त्री हसला. "अक्साकाल," वडीलधाऱ्याला मारतात तशी हाक मारून तो म्हणाला, "ट्रॅक्टर करताय की शिवणयंत्र?"

त्याची बायको बुरुलकान चहाचा पेला घेऊन अंगणात उभी होती. तीही हसली. उन्हाळ्यापासून ती हसली नव्हती.

उन्हाळ्यात नारीन शहरातल्या डॉक्टरने एक काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला होता. मग नवऱ्याला बाहेर बसवून तिला आत बोलावलं होतं. उशीर झालाय, तरी राजधानीला, बिश्केकला न्या, असं म्हणाला होता. बेइशेन गेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ती रडली. मॉस्कोतल्या लेकाला फोनवर रडायला लावलं. त्याने कूससुद्धा बदलली नाही.

आणि मग एके सकाळी तो उठला. कोल्खोज, गावाची सामुदायिक शेती, मोडला तेव्हा वाट्याला आलेला निळा ट्रॅक्टर अंगणात गंजत होता, त्याच्या पुढच्या, बर्फ उपसायच्या लोखंडी सुपड्यावर हात टेकून बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "ओर्मोनला निरोप धाड. याचं स्टीअरिंगचं चाक हलकं करायचंय."

ते चाक तिचा वैरी होतं. सुपडं बर्फाने भरलं की सगळा भार पुढच्या चाकांवर यायचा आणि स्टीअरिंग अडेल घोड्यासारखं मान वळवायचं नाही. गावातले तरुण सगळे रशियात. ट्रॅक्टर हाकणारा हा एकटाच. गेल्या जानेवारीत शेजारचा असानाली गेला तेव्हा रस्ते बुजले होते, मयत तीन दिवस घरात होतं. तिसऱ्या दिवशी बेइशेनने एकट्याने कबरस्तानाच्या टेकडीपर्यंतचा बर्फ उपसला. घरी आला तर त्याला पेला धरवेना. तिने घोट घोट चहा पाजला. त्या दिवशीच त्याच्या आत काहीतरी तुटलं, असं ती धरून चालली होती.

म्हणून आता ते चाक हलकं होत होतं, तर तिला वाटत होतं, आपल्याच छातीवरचा दगड कुणी सरकवतंय. जो हिवाळ्याची तयारी करतो, तो हिवाळा बघायचं ठरवूनच करतो.

ओर्मोनने स्टीअरिंगची जुनी पेटी उपसून काढली. तिच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारा पंप आला, पुढच्या आसाला सिलिंडर आला, काळ्या नळ्या आल्या. मागच्या बाजूला सिमेंटचा ठोकळा टांगला, म्हणजे पुढचा भार तेवढा कमी होईल. तरी बेइशेनचं समाधान होईना. चढायची पायरी त्याने वीतभर खाली घ्यायला लावली. सीट पुढे सरकवायला लावली.

"अहो, गुडघे हनुवटीला लागतील तुमचे," ओर्मोन वैतागला.

"म्हातारा माणूस आखूड होत जातो," बेइशेन म्हणाला.

संध्याकाळ व्हायच्या आत काम झालं. बुरुलकानने बोर्सोक तळायला घेतले. कढईत पिठाचे तुकडे टम्म फुगले. तळणाचा वास गेलेल्या माणसांना पोचतो, म्हणून गुरुवारी त्यांच्या नावाने तळायचं असतं. आज मंगळवार होता. आज तिने तो वास जित्या माणसासाठी काढला.

ओर्मोन खाऊन, हात पुसून, दुवा मागून गेला. बेइशेन ट्रॅक्टरपाशीच होता.

"म्हातारे, चढ."

"मी? लोक हसतील हो."

"लोक उरलेत कुठे? चढ."

लग्नाच्या वर्षी त्याने एकदा तिला ट्रॅक्टर शिकवला होता. चाक वळता वळेना, आणि दोघं हसत हसत चरात गेली होती. आज खालच्या पायरीवर तिचा पाय सहज पोचला. सीटवर बसली तर पायाखाली पेडल आलं. तिने एक बोट लावलं आणि चाक फिरलं, आईच्या हातजात्यासारखं, गरगर, मऊ. तिचे डोळे भरून आले.

तो शेजारी मडगार्ड धरून उभा राहिला. ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडला. असानालीची विधवा कानिशाय कुंपणाशी शेण थापत होती, ती ओरडली, "अगं बुरुल, उतारवयात पंख फुटले की काय!"

"फुटले, फुटले!" बुरुलकानने हात हलवला.

"समोर बघ," बेइशेन म्हणाला. "डावीकडे घे. आता सुपडं खाली. अजून खाली, जमिनीला लागू देऊ नकोस. इथे उजवीकडे ओहोळ आहे, बर्फात दिसत नाही. त्या पॉपलरच्या झाडाची खूण धर."

"मला कशाला सांगताय? तुम्ही असालच की."

त्याने हात पुढे करून रस्ता दाखवला. वारा पर्वतावरून खाली येत होता. वर पहिला बर्फ पडून गेला होता. ती खूण धरून चालवत राहिली, चाक बोटावर फिरत राहिलं, आणि चढाच्या पायथ्याशी रस्ता संपला तेव्हाच तिने मान वर केली. समोर कबरस्तानाचं लोखंडी फाटक होतं. पलीकडे मातीचे घुमट. असानालीची माती अजून नवीच दिसत होती.

"इथवर बर्फ काढलास की पुरे," बेइशेन म्हणाला. "पुढे चौघं मला खांद्यावर नेतील. तू इथूनच मागे वळव. आत बायका येत नाहीत."