सातव्या होलचा चढ

पहिली सहा होल सपाटीवर, सातवं मात्र थेट टेकडीच्या माथ्यावर. साहेबांनी बॉल वर मारला आणि गेनूनं कुरकुरत्या गुडघ्यांनिशी गोल्फची बॅग खांद्यावर घेतली. बाकीचे मेंबर बॅटरीच्या गाडीतून भुर्रकन वर जात. त्याच्या साहेबांना पायीच जायची हौस. तीस वर्षं त्यांची बॅग वाहिली, आता बास. आज सांगूनच टाकायचं, त्यानं ठरवलं.

अर्ध्या चढावर साहेबच एका दगडावर मटकन बसले.

"साहेब, गाडी का घेत नाही तुम्ही?"

"घेतली असती रे कधीच. चढताना जीव जातो माझा." साहेबांनी घाम पुसला. "पण गाडी घेतली की बॅग वाहायला कॅडी लागत नाही. मग तू घरी बसून काय केलं असतंस?"

गेनूनं बॅग खाली ठेवली आणि तो त्यांच्या शेजारी टेकला. "आणि मी तुमच्या हौसेपायी चढतोय, साहेब. गुडघे गेलेत माझे."

हसावं, एवढंही त्राण दोघांत उरलं नव्हतं.

"उद्यापासून सहाव्यालाच थांबू," शेवटी गेनू म्हणाला.

"आणि तो वर गेलेला बॉल?"

"राहू द्या. गाडीवाले आणतील."