काळा पाइन, चंदेरी मॉस

थोरल्या सुनेने कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं. बोट ओलं बाहेर आलं. आज तर तिने पाणी घातलंच नव्हतं.

कुंडीत वीतभर उंचीचा काळा पाइन होता, बोन्साय केलेला, आणि त्याच्या बुंध्याशी चंदेरी मॉस, शेवाळासारखं. पाइनच्या सुया पिवळ्या पडत चालल्या होत्या. मॉस मात्र हिरवंगार. ही कुंडी म्हणजे सासऱ्यांचा, अण्णांचा, जीव की प्राण. त्यांची हयात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी कुंडी थोरलीच्या स्वाधीन केली आणि बजावलं, "पाइन मुळांनी पाणी पितो. सारखं घातलंस तर मुळं कुजतील. मॉसला खरी मुळंच नाहीत, ते अंगानेच पितं. वाळलं तरी मरत नाही, चंदेरी होऊन पडून राहतं. त्याच्याकडे बघून पाइनला पाणी घालू नकोस."

कुंडी आपल्याला दिली नाही, हे धाकटीला लागलं होतं. घरात सगळ्यांनाच ते ठाऊक होतं.

धाकटी कपडे वाळत घालायला गॅलरीत आली, तशी थोरलीने तिला गाठलं.

"मुद्दाम करतेस ना हे?"

"काय?"

"मी कामावर गेले की यात पाणी ओततेस. झाड मेलं की माझ्यावर खापर फोडायला मोकळी."

धाकटीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "ताई, काहीही काय बोलताय!"

तेवढ्यात अण्णा झारी घेऊन आले. दोघींच्या मधून वाट काढत त्यांनी कुंडीत पाणी घातलं आणि समाधानाने आत गेले. थोरली काही बोलणार, तोच ते परत आले. झारी पुन्हा काठोकाठ भरलेली.

"याला कोणी पाणीच घालत नाही वाटतं."

"अण्णा, आत्ताच तर घातलंत," धाकटी हळूच म्हणाली.

अण्णांनी मातीला हात लावला. चिखल झाला होता. त्यांनी धाकटीकडे रोखून पाहिलं.

"म्हणजे तू ओततेस होय? तरीच हा पिवळा पडतोय."

धाकटीचे डोळे भरून आले.

"ती नाही, अण्णा," थोरली म्हणाली. "मी घालत होते."

"तू? अगं, तुला तर सगळं समजावून सांगितलं होतं मी. पाइन मुळांनी पितो..."

सांगता सांगता त्यांनी झारी कलती केली. पाणी कुंडीच्या काठावरून फरशीवर वाहू लागलं. दोघींपैकी कुणीच त्यांचा हात धरला नाही.