एका शब्दाच्या चार चिठ्ठ्या

एलुबीने आधी पाहुण्याच्या पायांकडे पाहिलं. चपला होत्या. पोलिसांच्या पायांत बूट असतात. मग तिने दारूच्या भट्टीखाली लाकडं पुन्हा आत सारली आणि त्याला बसायला ठोकळा सरकवला.

पाहुणा, लॅकसन काम्वेंडो, हा झोम्बा शहरातल्या शब्दकोश कचेरीतला, निवृत्तीला टेकलेला माणूस. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे अर्थ सुटे करायचे, दर अर्थाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर कुणाच्या तरी तोंडून आलेलं आपल्या चिचेवा भाषेतलं वाक्य, खाली त्या माणसाचं नाव आणि गाव. नाव नसेल तर चिठ्ठी बाद. आणि बोलणाऱ्याच्या वाक्यात काडीचीही दुरुस्ती करायची नाही. या दोन नियमांत त्याची सत्तावीस वर्षं गेली होती.

आजचा शब्द होता ‘स्टिल’. तीन चिठ्ठ्या भरल्या होत्या. चौथा अर्थ दारू गाळायची भट्टी, म्हणून तो नदीकाठच्या या शेवटच्या घरापर्यंत आला होता. येताना पायवाटेवर एक म्हातारा भेटला, खांद्यावर कुदळ आणि काखेत गुंडाळलेली चटई. भाचजावयाचं सामान त्याच्या माणसांना परत करायला निघालोय, म्हणाला. जोहान्सबर्गच्या खाणीत गेला तो गेलाच, अकरा वर्षं झाली, भाचीने किती वाट बघायची? सामान परत गेलं की लग्न सुटलं, ती मोकळी. लॅकसनने हं हं केलं आणि वाट दिली.

मडक्यातली वाफ नळीत शिरत होती, नळी गार पाण्याच्या डोणीतून जात होती आणि पलीकडच्या टोकाला बाटली. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप. मक्याच्या कोंड्याचा आंबूस वास, उतरणीला लागलेली दुपार. कशासाठी आलो हेच लॅकसन घटकाभर विसरला.

बाकीच्या तीन चिठ्ठ्यांत काय आहे, ते एलुबीने वाचून दाखवायला लावलं. पहिला अर्थ, न हलणारं. चिल्वा तळ्यावरच्या कोळ्याचं वाक्य होतं, ‘आज पाणी झोपलंय.’ दुसरा, तरीही. मिनीबसच्या ड्रायव्हरचं, ‘ब्रेक लागत नाही, तरीही जाऊ.’ ती हसली. तिसरा, अजून. एका शाळामास्तराचं, ‘मुलगा अजून जेवतो आहे.’

इंग्रजांना हे सगळं एकच वाटतं का, असं तिने विचारलं. लॅकसन म्हणाला, नाही, अर्थ वेगवेगळे, नुसता आवाज सारखा. भट्टीचं तर बाकीच्यांशी नातंगोतंही नाही.

“इथे बसून बघा एक दिवस, बाम्बो,” ती म्हणाली. “डोणीतलं पाणी झोपलेलं असतं. थेंब अजून यायचा असतो. येत नाही, तरीही बसायचं. तुम्ही हे वेगळं कुठे कापता?”

 सत्तावीस वर्षं आपण वाहत्या पाण्याला कात्री लावत बसलो की काय, असं लॅकसनला वाटून गेलं, आणि गंमत म्हणजे त्याचं वाईटही वाटलं नाही.

भट्टीचं वाक्य तिने चटकन दिलं. ‘भट्टी रडते तेव्हा घरात मीठ येतं.’ त्याने खूश होऊन नाव विचारलं, तशी तिने नकारार्थी मान हलवली. पोलिसांनी तिची मडकी दोनदा फोडली होती. त्यांच्या हाती स्वतःचं नाव शाईत लिहून द्यायला ती खुळी नव्हती. लॅकसनने चिठ्ठी मिटायला घेतली.

टप.

तुमचं पुस्तक कुठे कुठे जातं, तिने बाटलीकडे बघतच विचारलं. शाळांत, वाचनालयांत, तो म्हणाला. जोहान्सबर्गला? जाईलही एखादी प्रत. कधी निघणार? सहा वर्षं तरी लागतील, त्याने खरं ते सांगितलं.

“सहाच?” ती म्हणाली. मग कमरेचं कापड घट्ट खोचून त्याच्याकडे वळली. “मास्तरांची चिठ्ठी काढून टाका. पोरगा जेवला असेल एव्हाना. ‘अजून’चं वाक्य माझं घ्या. मग भट्टीखालीही घाला माझं नाव, काय व्हायचं ते होऊ दे.”

“सांगा, आमायी.”

तिने श्वास घेतला. शाळेत उभं राहून म्हणतात तसं, सावकाश म्हणाली, “माझ्या नवऱ्याची कुदळ अजून माझ्या दाराशी आहे.”

लॅकसनने दाराकडे पाहिलं. मातीच्या भिंतीवर, दांडा वर्षानुवर्षं टेकून टेकून पडलेली एक गुळगुळीत काळी रेघ होती. रेघेखाली काहीच नव्हतं. पायवाटेवरचा तो कुदळवाला म्हातारा हिचाच मामा, हे त्याला आता कळलं.

बोलणाऱ्याच्या वाक्यात दुरुस्ती करायची नाही. हा नियम कुणी का केला असेल, ते त्याला कधी समजलं नव्हतं. आज त्या नियमाचे त्याने मनोमन आभार मानले. कोरी चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि वाक्य जसंच्या तसं उतरवलं. खाली लिहिलं, एलुबी म्बेवे, गाव चिलिंगा. मास्तरांची चिठ्ठी त्याने खिशात टाकली.

तिने वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं.

“शाई पुसत नाही ना?”

“नाही, आमायी.”

“मग झालं.” ती भरत आलेली बाटली बदलायला वाकली. “आता मामाला ती कुदळ तिथून उचलता यायची नाही.”