शिळेवरची ओळ

दाफ्रोझाने खाली पडलेलं कापड उचललं, झटकलं आणि शिळेवर परत पांघरलं.

टाळ्या विरल्या. टेकडीच्या उतारावर गवतात बसलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. अनावरणाचा मान दाफ्रोझाला मिळाला होता, कारण या टेकडीवरून जिवंत उतरलेल्या बायकांत आता तीच सगळ्यांत वडील. कापड ओढायचं, पाहुण्यांचे आभार मानायचे आणि खुर्चीवर जाऊन बसायचं, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

समितीचा अध्यक्ष सेबाहिरे लगबगीने तिच्याजवळ आला. शिळेचा खर्च युरोपातल्या एका देशाने केला होता आणि त्या देशाचा पाहुणा पहिल्याच रांगेत बसला होता. उंच, पांढऱ्या केसांचा, फौजेतून निवृत्त झालेला माणूस. त्याची भाषा गावात सेबाहिरेलाच येत होती, म्हणून तो सकाळपासून दुभाष्याही झाला होता. काय बिघडलं, असं सेबाहिरेने दाफ्रोझाला हळूच विचारलं.

"वर लिहिलंय, 'जगाने सोडून दिलेली असहाय माणसं इथे मारली गेली,'" दाफ्रोझा म्हणाली. "असहाय कोण होतं रे?"

सेबाहिरेने तिला समजावलं. मावशी, अशा शिळांवर असंच लिहितात. त्यांनी चांगल्या मनानेच लिहिलंय. पुढे ते इथे दवाखाना बांधून देणार आहेत, आज चारचौघांत त्यांचा विरस नको.

"तुझा बाप इथेच पडला. तो असहाय होता, असं तू म्हण. मी लगेच कापड काढते."

 सेबाहिरेचा बाप र्विगाम्बा याच टेकडीवर गुरं राखायचा. चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये तुत्सी जमातीच्या लोकांना घराघरांतून ओढून मारायला सुरुवात झाली, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसं जीव मुठीत धरून इथे वर आली होती. र्विगाम्बाने त्यांना रडत बसू दिलं नाही. बायकांना दगड गोळा करायला लावले. पुरुषांना गवतात आडवं झोपवलं. मारेकरी अगदी जवळ येईपर्यंत कुणी हलायचं नाही, आणि मग एकदम उठून त्यांच्या घोळक्यात घुसायचं. एकदा सरमिसळ झाली की बंदूकवाल्यांना आपली माणसं कोणती आणि परकी कोणती, तेच कळायचं नाही. इकडचा एप्रिल-मेचा सगळा पावसाळा त्यांनी टेकडी अशी धरून ठेवली. दाफ्रोझाचा नवरा त्यात गेला, थोरली मुलगीही गेली. दोघांना मूठमाती देऊन ती पुन्हा दगड वाहू लागली होती.

जून सरता सरता परदेशी फौजेच्या गाड्या आल्या. उरलेली माणसं झुडपांतून, खड्ड्यांतून बाहेर पडून गाड्यांपाशी धावली. सैनिकांनी त्यांच्या जखमा पाहिल्या, परत येतो म्हणाले आणि निघून गेले. कोण कुठे लपलंय हे आता मारेकऱ्यांनाही दिसलं होतं. सैनिक तीन दिवसांनी परत आले तेव्हा उचलून न्यायला फार थोडी माणसं उरली होती. र्विगाम्बा त्याच दिवसांत पडला.

दाफ्रोझा लोकांकडे वळली. ध्वनिक्षेपक तिने बाजूला सारला. लग्नघरातल्या गमती सांगाव्यात तशी ती एकेकाचं सांगत गेली. कान्युंदो लंगडा होता, पण त्याचा भाला कधी वाया गेला नाही. न्यिराकामाना पोटुशी होती, तरी सगळ्यांत मोठे दगड तीच उचलायची आणि नवऱ्याला म्हणायची, तुला जमत नसेल तर तू घे माझं पोट. गवतातून हसू उमटलं. न्यिराकामानाची धाकटी बहीण उभी राहिली. मग एक म्हातारा उठला, मग आणखी काही जण. कुणी उठा म्हटलं नव्हतं.

पाहुण्याने विचारलं, या काय सांगताहेत. बाईंना गहिवरून आलंय, असं सांगून सेबाहिरेने वेळ मारून नेली. पाहुण्याने उभ्या राहिलेल्या माणसांकडे पाहिलं आणि पुन्हा तेच विचारलं. सेबाहिरेने एकदा शिळेवरच्या कापडाकडे पाहिलं. मग त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं, आपल्या बापासकट. सांगताना त्याची मान ताठ झाली होती.

पाहुणा उठून शिळेपाशी आला. मग काय लिहायला हवं, असं त्याने विचारलं.

 दारात आलेल्या माणसाला लागेल असं बोलायचं नाही, ही दाफ्रोझाच्या घरची रीत होती. त्या गाड्या पाहुण्याच्याच देशाच्या होत्या; त्यांची गोष्ट तिने लोकांसमोरही काढली नव्हती. आताही ती तिने गिळली.

"लिहा, 'इथे माणसं लढली. त्यांच्या मदतीला कुणी आलं नाही.'"

सेबाहिरेने भाषांतर केलं. पाहुण्याने खालच्या रस्त्याकडे पाहिलं. मग तो जे बोलला, ते सेबाहिरेने लोकांकडे वळून मोठ्याने सांगितलं.

"ते म्हणतात, 'कुणी आलं नाही' हे खरं नाही. आम्ही आलो होतो. पाहिलं, आणि परत गेलो. पहिल्या गाडीत मी होतो."

 दाफ्रोझाने त्या माणसाला आपादमस्तक न्याहाळलं. त्याची मान खाली होती. तिची नव्हती.

"त्यांना सांग, तेही लिहा," ती सेबाहिरेला म्हणाली. "पण खाली. वर आमची माणसं राहतील."