खळ्यावरून दिसलेलं वारं

१९६१ साली, निमोणे गावाच्या वर, घरी बांधलेल्या एका चिमुकल्या विमानाचं इंजिन बंद पडलं. ते आवाज न करता खाली येऊ लागलं, तसे खळ्यावरचे सगळे पळाले. तिवईवर उभी राहून वाऱ्यावर ज्वारी उपणणारी सोजराबाई तेवढी हलली नाही.

"अगं, उतर! मरशील!" नवरा सर्जेराव ओरडला.

"चार दिसांनी वारं सुटलंय, कशी उतरू?" तिच्या पाटीतून भूस उडतच राहिलं.

विमानानं एक वळण घेतलं आणि ते शेजारच्या मोकळ्या रानात आदळत, उसळत थांबलं. वैमानिक धावत येऊन तिच्या पाया पडला.

"वाऱ्याकडं तोंड करून उतरलो म्हणून वाचलो, मावशी. वारा कुठून येतोय, ते वरून तुमच्या भुसानं दाखवलं."

सोजराबाई विमानाकडं बघतच राहिली.

"म्हंजी, हे बी वाऱ्याच्याच भरवशावर हाय व्हय?"