काळा चष्मा

देगलूरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात शिवशंकर सर काळा चष्मा लावून बसले होते. आत आधीच उजेड कमी, त्यात हा चष्मा. त्यांना समोरचा कपसुद्धा धड दिसत नव्हता. पण जुन्या हेरपटांचा हिरो सूर्यजित घरात शिरतानाही चष्मा काढत नसे. मग सर कशाला काढतील?

होणाऱ्या जावयाची चौकशी करायला ते कंधारहून आले होते. सोयरीक जमवण्याआधी सगळेच करतात. पानटपरीवर विचारायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, घरी जायचं. एवढ्या साध्या कामासाठी या रिटायर्ड मास्तरानं नाव बदललं होतं, गाव बदललं होतं.

निघताना लेकीनं, शिवकन्येनं, एकच बजावलं होतं. "उमरीची मोडलेली सोयरीक कुणापाशी काढू नका, अप्पा. उद्या शिवम बघायला येईल, तेव्हा मीच त्याला सांगणार आहे." हा देगलूरचा शिवम फोटोवरूनच तिच्या मनात भरला होता.

पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ समोर येऊन बसले. म्हणाले, "मी गुरुबसप्पा. कापडाचं दुकान हाय हितं. तुम्ही कुठले?"

"लातूरचा. पाटील. सोयाबीनचा व्यापारी." सरांनी आवाज जाड केला होता.

"डोळे आलेत का?"

सरांना राग आला. या माणसाला सूर्यजित म्हणजे काय ते कळायलाच हवं. मग दोन चहा होईपर्यंत सर थांबले नाहीत. पार्टीत सूर्यजित विषाचा पेला नुसता हुंगतो आणि हसत हसत खलनायकालाच देतो, तो सीन. धावत्या रेल्वेच्या टपावरचा सीन. आणि सगळ्यांत भारी तो बर्फाच्या लादीवरचा.

"अंगावर चाबूक पडायलेत, खलनायक नाव विचारायलाय. अन् हा? ओठ मिटलेले! जीव गेला तरी तोंड उघडत नाही. याला म्हणतात माणूस."

सरांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. लेकीची सोयरीक मोडली तेव्हा आलं नव्हतं.

"लई भारी," गुरुबसप्पा म्हणाले. "पोरंबाळं?"

"एक मुलगी."

"लग्नाची?"

एवढंच विचारलं. ना बर्फ, ना चाबूक. सरांनी सगळं ओकून टाकलं.

"उमरीला साखरपुडा झाला होता हो. पत्रिका छापल्या, अन् हिनं मोडलं. का, तर म्हणे मुलगा दारू पिऊन फोनवर घाणघाण बोलला. जरा ऐकून घेतलं असतं तर काय झिजली असती? तोंडाची लई तिखट. मान खाली घालायला लावली मला."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. आवाज इतका मोठा ठेवलेला, की पलीकडची शिवकन्या अख्ख्या टेबलाला ऐकू आली. "अप्पा, उमरीचं कुठं बोलला नाहीत ना?"

"मी? छे! तोंडच उघडलं नाही."

फोन ठेवला. गुरुबसप्पा उठले. "कंधारची गाडी लागली, सर."

"मी तर लातूरचा..."

"शिवमचा मामा हाय मी. बायोडाटासंगं तुमचा घरचा फोटो आला होता. ह्याच चष्म्यातला."

सरांचं तोंड उतरलं.

"उद्या आम्ही येतो," गुरुबसप्पा म्हणाले. "दारुड्याला न्हाई म्हणली, चांगलं केलं पोरीनं. ती आपल्या तोंडानं सांगंल शिवमला. तवर मला कायबी ठाऊक न्हाई. तुमच्या त्या हिरोवानी गप बसतो मी."

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चष्मा सावरला.

"पण तो नुसता गप बसत नाही," ते म्हणाले. "शेवटी हसतो."

गुरुबसप्पा हसले नाहीत.