नागरिकाच्या खुर्चीत

“तुम्ही आता नागरिक,” असं म्हणत प्रशिक्षणाच्या बाईंनी तपासनिसाला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, “आणि हे अधिकारी.” समोरच्या टेबलामागे, गादीच्या खुर्चीत, पाणी विभागाचा कारकून आधीच ऐसपैस बसला होता.

‘नागरिकांशी सौजन्याने कसे वागावे’ या कार्यशाळेचा दुसरा दिवस. जेवणं झालेली, पंखे मंद, आणि नगरपालिकेचे तीस कर्मचारी डोळे उघडे ठेवायची पराकाष्ठा करत होते. या जोडीचं नाव निघालं तसे मात्र सगळे सरसावून बसले. एका कपाटावरून दोघांचं वाजलं होतं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. कागदसुद्धा शिपायाच्या हातून जायचे.

“कुठलाही विषय घ्या,” बाई म्हणाल्या. “काल्पनिक चालेल.”

काल्पनिक कशाला? तपासनिसाच्या बायकोने चार महिन्यांपूर्वी नव्या घराच्या नळासाठी अर्ज केला होता, आणि तोही नवऱ्याचा वशिला नको म्हणून स्वतः खिडकीपुढे रांगेत उभं राहून. तेव्हापासून पाणी शेजाऱ्यांकडून. आज सकाळी तिने बजावलं होतं, “नळाचं काय ते विचारून या, नाहीतर मी चालले आईकडे. तिथे निदान नळ तरी आहे.” विचारायचं म्हणजे याच माणसाला. त्याच्यापुढे नाक घासण्यापेक्षा तपासनीस चार महिने दोन हातांत दोन बादल्या घेऊन तीन जिने चढत आला होता. पण नाटकात विचारलं तर कुठे नाक कापलं जातं?

“साहेब, माझ्या बायकोचा नळाचा अर्ज चार महिने पडून आहे,” तो म्हणाला.

“नमस्कार. या, बसा. पाणी घेणार?” सकाळी शिकवलेलं कारकुनाने घडाघडा म्हणून दाखवलं.

“तेच तर मागायला आलोय!”

सगळा हॉल हसला. बाईंनी खूश होऊन वहीत काहीतरी टिपून घेतलं.

तपासनिसाला चेव चढला. तो उभाच राहिला. “माणसाने बादल्या घेऊन किती जिने चढायचे? शेजाऱ्यांची बोलणी किती दिवस ऐकायची? तुमच्या घरी नळ आहे ना, मग झालं! लोकांचे कागद दाबून बसायला लाज कशी वाटत नाही?” बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला, डोळे भरून आले. हे नाटक नाही, हे त्याचं त्यालाच कळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“अर्ज क्रमांक?” कारकुनाने विचारलं.

“चारशे सतरा.” रोज सकाळी बायको त्याला तो ऐकवत असे.

कारकुनाने मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिला. “सापडला. अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. तपासणीत आहे.”

हॉलमधल्या सगळ्या माना तपासनिसाकडे वळल्या. नगरपालिकेत येणारा प्रत्येक अर्ज आधी तपासणीच्या टेबलावरून पुढे जातो, आणि ते टेबल कुणाचं हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त बाईंना.

“छान! मग नागरिकाला कारण समजावून सांगा,” त्या म्हणाल्या.

“घराच्या सहमालकाचं ना-हरकत पत्र जोडलेलं नाही, असा आक्षेप आहे. अर्जदाराला तसं कळवायचं पत्र तपासनिसाच्या सहीसाठी पडून आहे.”

“आणि सहमालक कोण?” बाईंनी विचारलं.

“अर्जदाराचा नवरा.”

तपासनीस मटकन खाली बसला. दिवसाला साठ अर्ज त्याच्या हाताखालून जात. नाव तो कधी वाचत नसे. नाव वाचलं की माणूस ओळखीचा निघतो आणि मग कामात भेदभाव होतो, असं तो नव्या लोकांना मोठ्या अभिमानाने सांगायचा. जोडलेले कागद मोजायचे, एक कमी भरला की आक्षेपाचा शिक्का हाणायचा. मागच्या रांगेत कुणीतरी तोंडात रुमाल कोंबला.

“नागरिक म्हणून आता कसं वाटतंय तुम्हाला?” बाईंनी विचारलं.

“शरम वाटतेय.”

“नागरिकाला कसली शरम? पण अभिनय अगदी उत्तम!” बाईंनी पुढची जोडी बोलावली.

तपासनीस मागच्या बाकावर जाऊन बसला. कार्यशाळेबद्दल अभिप्राय लिहायला दिलेला कागद त्याने उलटा केला आणि पाठीमागे सुवाच्य अक्षरात लिहिलं : माझ्या पत्नीने घरी नळ घेण्यास माझी काहीएक हरकत नाही. खाली सही केली, तारीख घातली. मग मान खाली घालून तो कारकुनाच्या शेजारी जाऊन बसला.

“एवढ्यावर होईल ना?” तीन वर्षांत नाटकाबाहेर तो कारकुनाशी बोललेले हे पहिले शब्द.

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. “होईल की. पण आधी तपासणीतून यायला हवं.”

“तिथं कुणी ओळखीचं आहे का हो?” तपासनिसाने खालच्या आवाजात विचारलं.

“आहे एक,” कागद त्याच्या हातात परत देत कारकून म्हणाला, “पण तो घरच्यांचंही काम करत नाही.”